पाटीवरचा पत्ता

१५ सप्टेंबर २०२४ चा रविवार आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवाला आलेल्या मंडळींना दोन कारणांनी आठवत असेल. एक म्हणजे त्या दिवशी उकडीचे मोदक पहिल्या पंगतीतच संपले. दुसरे म्हणजे दुपारी तीन वाजता रंगमंचावर झालेली माझी फजिती. मोदकांचा खुलासा भोजन समितीने केलाच आहे. माझा खुलासा अजून बाकी होता, तो या लेखात करतो.

कार्यक्रमपत्रिकेवर 'पुण्याचा आवाज, उपग्रहामार्गे' असे छापले होते. माझे मामा पुण्यात असतात. वय अठ्ठ्याहत्तर. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आणि हौशी रेडिओचे जुने परवानाधारक. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी साडेसात वाजता ते नागपुरातल्या आपल्या परवानाधारक मित्राशी उपग्रहावरून मराठीत गप्पा मारणार होते. आपण इथे इंग्लंडमध्ये, सभागृहाबाहेरच्या हिरवळीवर लावलेल्या डिशमधून, त्या फक्त ऐकायच्या होत्या. मराठी शाळेची मुले वह्या घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. तीन वाजले. मामा तिकडे ठरल्याप्रमाणे वीस मिनिटे बोलले. इकडे ध्वनिक्षेपकातून साधी खरखरसुद्धा आली नाही. मी लॅपटॉपशी झटापट करत राहिलो, आणि शेवटी अध्यक्षांनी समयसूचकता दाखवून फुगड्यांचा कार्यक्रम पुढे घेतला.

रात्री मामांना फोन केला. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "अरे, घरून निघण्याआधी एकदा प्लग काढून पाहिला होतास का?"

"नाही मामा. पण तीन दिवस सलग चालू होतं, उत्तम चाललं होतं."

"म्हणजे तू तपासलंच नाहीस," मामा म्हणाले.

अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवताना मला इतका नेमका शेरा कोणा परीक्षकाने दिल्याचे आठवत नाही. यंत्रात बदल करणे आणि तो बदल टिकवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढेच त्यांना म्हणायचे होते. हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण त्या रविवारी ते पुन्हा शिकावे लागले.

यंत्राची ओळख

आधी त्या यंत्राविषयी थोडे सांगतो. जुन्या रेडिओत स्टेशन लावणे, आवाज वेगळा काढणे ही कामे कॉइल, कंडेन्सर असे सुटे भाग करीत. सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओमध्ये अँटेनाकडून आलेल्या लहरींचे शक्य तितक्या लवकर आकड्यांत रूपांतर होते आणि पुढची सारी कामे संगणकाचा प्रोग्रॅम करतो. माझ्याकडे आहे ते अॅनालॉग डिव्हायसेस कंपनीचे 'प्लुटो' नावाचे यंत्र. हे तळहातावर मावणारी निळी डबी आहे. विद्यार्थ्यांनी शिकावे म्हणून ती बनवली, पण हौशी लोकांनी तिला डोक्यावर घेतले. ३२५ मेगाहर्ट्झपासून ३.८ गिगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी ती ऐकू शकते.

उपग्रह आहे कतारचा 'एस्हेल-२'. तो १५ नोव्हेंबर २०१८ रोजी अवकाशात गेला. दूरचित्रवाणीच्या कामाबरोबरच हौशी रेडिओवाल्यांसाठीही त्यावर सोय केलेली आहे. भूस्थिर उपग्रहावर अशी सोय होण्याची ती पहिलीच वेळ. विषुववृत्तावर, २५.९ अंश पूर्व रेखांशावर तो स्थिर असल्यासारखा दिसतो. लंडन परिसरातून पाहिले तर आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे २६ अंशांवर. पुण्याहून पाहिले तर पश्चिमेला किंचित दक्षिणेकडे, सुमारे ३२ अंशांवर. म्हणजे इथला माणूस आणि पुण्याचा माणूस आकाशातल्या एकाच बिंदूकडे डिश रोखून बसू शकतात. अमेरिकेतल्या आपल्या नातलगांना हे भाग्य नाही. त्यांच्या क्षितिजावर तो येतच नाही.

उपग्रह खाली पाठवतो त्या लहरी सुमारे १०,४८९ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे प्लुटोच्या आवाक्याबाहेरच्या. पण डिशच्या तोंडाशी जी छोटी डबी असते, तिला एलएनबी म्हणतात, ती त्यातून ९,७५० वजा करून आपल्याला ७३९ मेगाहर्ट्झ देते. हे प्लुटोला सहज जमते. इथवर सगळे शाळेतल्या वजाबाकीइतके सोपे आहे आणि त्या दिवशी इथवर सगळे ठीकही होते. डिश बरोबर रोखलेली होती, वायरी घट्ट होत्या. गोंधळ झाला तो पत्त्याचा.

पत्ता कुठून येतो

प्लुटो नेहमी यूएसबी वायरीने लॅपटॉपला जोडतात. तसे जोडले की लॅपटॉपला ते एका नेटवर्क कार्डासारखे दिसते. कारखान्यातून येताना त्याचा आयपी पत्ता १९२.१६८.२.१ असतो आणि समोरच्या लॅपटॉपला ते १९२.१६८.२.१० हा पत्ता देते. शिवाय पेन-ड्राइव्ह दिसावा तसा एक छोटा ड्राइव्हही पडद्यावर उमटतो. त्याचे महत्त्व पुढे येईल.

सभागृहात मात्र डिश बाहेर, प्लुटो स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी आणि लॅपटॉप रंगमंचावर होता. यूएसबीची साधी वायर पाच मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. म्हणून मी प्लुटोला यूएसबीतून इथरनेट काढणारा जोड लावला आणि तिथून तीस मीटरची नेटवर्कची वायर रंगमंचापर्यंत ओढली. अशा जोडणीत प्लुटोला दुसरा, इथरनेटचा पत्ता लागतो.

हा पत्ता दोन रीतींनी मिळतो. वसतिगृहात नवा विद्यार्थी आला की रेक्टर रिकामी असेल ती खोली त्याला देतो, तशी घरातल्या राउटरची डीएचसीपी नावाची व्यवस्था दारात आलेल्या प्रत्येक यंत्राला मोकळा पत्ता देते. इथरनेटसाठी काही सांगितले नसेल तर प्लुटो हाच मार्ग धरते. दुसरी रीत स्वतःच्या घराची. 'मी अमुक पत्त्यावर राहतो' असे यंत्रालाच सांगून ठेवायचे. सभागृहात राउटर नव्हता, म्हणजे रेक्टरच नव्हता. म्हणून कायमचा पत्ता देणे भाग होते.

आता माझी चूक सांगतो. प्लुटोच्या आत लिनक्स चालते. घरी असताना मी लॅपटॉपवरून त्याच्या आत शिरलो, नेटवर्कचा पत्ता जिथे लिहिलेला असतो ती फाइल उघडली, तीत १९२.१६८.१.५० हा पत्ता लिहिला, फाइल साठवली आणि नेटवर्क बंद करून पुन्हा चालू केले. पत्ता लागू झाला. लॅपटॉप बंद करून पाहिला, वायर काढून घातली, तरी पत्ता कायम. तीन दिवस घरच्या बागेतून मी युरोपभरच्या लोकांची संभाषणे ऐकत बसलो. रविवारी सकाळी प्लग काढला, डबी पिशवीत टाकली आणि सभागृह गाठले.

तिथे प्लग घातल्यावर प्लुटो जागे झाले आणि सवयीप्रमाणे रेक्टरला शोधू लागले. रेक्टर नव्हता. माझा लॅपटॉप तिकडे १९२.१६८.१.५० चे दार ठोठावत होता आणि त्या पत्त्यावर कोणी राहतच नव्हते. इथरनेटचा जोड काढून साध्या यूएसबी वायरीने जोडले असते तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण मी जवळ घेतलेली वायर नुसती चार्जिंगची निघाली, तिच्यातून माहिती जातच नव्हती.

यंत्र मुद्दाम विसरते

घरी आल्यावर राग प्लुटोवरच निघाला. साठवलेली फाइल विसरतो तो कसला संगणक? पण विचार केल्यावर लक्षात आले की हा दोष नाही, हे जाणून केलेले आहे.

आपल्या लॅपटॉपमध्ये डिस्क असते. तीत लिहिले ते वीज गेली तरी राहते. प्लुटोत तशी डिस्क नाही. त्यात ३२ मेगाबाइटची छोटी फ्लॅश स्मृती आहे आणि ५१२ मेगाबाइटची चालू कामाची स्मृती आहे, जिला आपण रॅम म्हणतो. फ्लॅशमध्ये अख्खी लिनक्स प्रणाली दाबून, घडी घालून ठेवलेली असते. वीज आली की ती घडी रॅममध्ये उलगडली जाते आणि पुढे यंत्र रॅममध्येच जगते. मी उघडलेली फाइल त्या रॅममधली होती. ती पाटी होती. पाटीवर कितीही ठसठशीत लिहिले तरी प्लग काढला की पाटी पुसली जाते आणि पुढच्या वेळी कोरी पाटी नव्याने भरली जाते. शिवाय माझी ती विशिष्ट फाइल तर दर वेळी सुरू होताना यंत्र स्वतःच नव्याने लिहून काढते. म्हणजे तिच्यात हाताने लिहिण्याला दुहेरी अर्थ नव्हता.

असे का केले असावे? पहिले कारण असे की ही डबी वापरणारा माणूस केव्हाही वायर उपसतो. डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज गेली तर अर्धवट लिहिलेल्या फायली बिघडतात आणि यंत्र पुढच्या वेळी उठतच नाही. जे पाटीवरच लिहिते त्याला ही भीती नाही. वायर उपसा, परत घाला, ते पहिल्या दिवसाइतके ताजे उठते. दुसरे कारण असे की फ्लॅश स्मृती लिहून-पुसून झिजते. दर मिनिटाला होणाऱ्या किरकोळ नोंदी तिथे करत राहणे शहाणपणाचे नाही. तिसरे कारण विद्यार्थ्यांसाठी. प्रयोग करताना काहीही बिघडवले तरी प्लग काढून घातला की गाडी मूळ पदावर.

तेव्हा विसरणे हा या यंत्राचा गुण आहे. फक्त काय विसरते आणि काय लक्षात ठेवते, याची सीमारेषा आपल्याला ठाऊक हवी.

अर्ज आणि शिक्का

लक्षात ठेवण्याची जागा फ्लॅशमध्येच आहे. तिथे एक छोटा कप्पा वेगळा राखलेला असतो. यंत्र सुरू करणारा प्रोग्रॅम, ज्याचे नाव यू-बूट, त्याच्या नोंदी या कप्प्यात असतात. नाव आणि किंमत अशा जोड्या, आमच्या किराणा दुकानदाराच्या वहीसारख्या. सुरू होताना यंत्र ही वही वाचते आणि तीवरून नेटवर्कची फाइल पाटीवर लिहिते. म्हणजे पत्ता टिकवायचा तर पाटीवर लिहून उपयोग नाही, तो या वहीत उतरला पाहिजे.

त्यासाठी सोपा मार्ग दिलेला आहे. मघाशी उल्लेख केलेला ड्राइव्ह उघडायचा. त्यात 'कॉन्फिग' नावाची साध्या मजकुराची फाइल असते. तिच्यात नेटवर्क, वायरलेस, यूएसबी-इथरनेट अशी शीर्षके आणि प्रत्येकाखाली पत्त्यांच्या ओळी असतात. यूएसबी-इथरनेटखालची पत्त्याची ओळ मुळात रिकामी असते. रिकामी याचाच अर्थ 'रेक्टरला विचार'. तिथे हवा तो पत्ता लिहायचा आणि फाइल साठवायची.

इथेच बहुतेक जण फसतात, कारण फाइल साठवली की काम झाले असे वाटते. पण तो ड्राइव्हही पाटीवरच काढलेला आहे. ही फाइल म्हणजे वही नव्हे, वहीत नोंद करा असे सांगणारा अर्ज आहे. कचेरीत अर्ज भरून खिडकीत ठेवला आणि आवक-नोंदीचा शिक्का घेतल्याशिवाय घरी आलो, तर पुढे कोण विचारतो? इथे शिक्का मारण्याची रीत म्हणजे 'इजेक्ट'. लॅपटॉपवरून तो ड्राइव्ह रीतसर इजेक्ट करायचा, पण वायर काढायची नाही. मग डबीवरचा दिवा भराभर लुकलुकू लागतो. त्या वेळात यंत्र अर्ज वाचून वहीत नोंद करत असते. तेव्हा वायर उपसणे म्हणजे कारकुनाच्या हातून वही ओढून घेणे. लुकलुक थांबून ड्राइव्ह पुन्हा दिसू लागला की नोंद झाली. मग प्लग काढून घालायचा आणि नवा पत्ता लागला का ते पाहायचे.

यंत्राच्या आत शिरून काम करणाऱ्यांना थेट वहीत लिहिण्याची आज्ञाही आहे. तिचे नाव 'एफडब्ल्यू सेटएन्व्ह', मध्ये अंडरस्कोर. ती चालते, पण तिच्यात शब्दाची चूक झाली तर चूकच वहीत जाते. मी अर्जाचाच मार्ग सुचवीन.

चूकही टिकते

टिकाऊपणाची दुसरी बाजूही मला लगेच पाहायला मिळाली. त्याच आठवड्यात, रात्री अकरा वाजता, मी उत्साहाने अर्ज भरला आणि शेवटचा आकडा ५० ऐवजी १ लिहिला. १९२.१६८.१.१ हा आमच्या राउटरचा स्वतःचा पत्ता! एका गल्लीत एकाच क्रमांकाची दोन घरे झाली. पोस्टमन कधी इकडे जाई, कधी तिकडे. घरातले इंटरनेट कधी चाले, कधी बंद पडे. धाकटा खाली येऊन विचारू लागला, "बाबा, तुम्ही परत काही केलंत का?" मी सवयीने प्लग काढून घातला, पण आता चूक वहीत होती. ती अर्थातच टिकली.

सुटका झाली ती यूएसबीमुळे. इथरनेटचा पत्ता कितीही बिघडला तरी साध्या वायरीने जोडल्यावर ड्राइव्ह दिसतो आणि अर्ज पुन्हा भरता येतो. तेव्हापासून मी एक नियम पाळतो. एका वेळी एकाच मार्गाचा पत्ता बदलायचा. दुसरा मार्ग, म्हणजे घराचे मागचे दार, तोवर हलवायचे नाही. दूर माळ्यावर किंवा छपरावर यंत्र बसवणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे. आणखी एक सावधगिरी म्हणजे आपल्या घरचे नेटवर्कच १९२.१६८.२ ने सुरू होत असेल, तर ते प्लुटोच्या मूळ यूएसबी पत्त्याशी भांडते. अशा वेळी दोहोंपैकी एकाने गल्ली बदलावी.

कोणी विचारील की मग राउटरलाच का सांगू नये, या यंत्राला नेहमी हाच पत्ता दे म्हणून? घरापुरते ते सोयीचे आहे. पण तिथे स्मरण राउटरकडे राहते, यंत्राकडे नाही. राउटर बदलला, किंवा यंत्र सभागृहात नेले, की स्मरण मागे राहिले. शिवाय राउटर ओळखतो ते इथरनेटच्या जोडाला. जोड बदलला की तो सहसा यंत्रालाही अनोळखी समजतो.

प्रत्येक घराण्याची रीत वेगळी असते, हेही सांगायला हवे. 'रेड पिटाया' हे यंत्र एसडी कार्डावरून चालते, पण त्याची प्रणाली वाचण्यापुरतीच उघडी असते. आधी 'आरडब्ल्यू' ही आज्ञा देऊन लिहिण्याची परवानगी घ्यावी लागते. 'यूएसआरपी एन-२१०' मध्ये पत्ता एका वेगळ्या चिपवर कोरलेला असतो. मूळचा १९२.१६८.१०.२, आणि बदलायचा तर खास आज्ञेने पुन्हा कोरायचा. म्हणून कोणतेही यंत्र हाती आले की पहिला प्रश्न विचारावा, याची पाटी कुठली आणि वही कुठली? घरातला राउटर, दारावरचा कॅमेरा यांनाही हाच प्रश्न लागू आहे.

मामांची परीक्षा

आता मी कोणत्याही यंत्रावर बदल केला की तीन परीक्षा घेतो. पहिली, आज्ञा देऊन पुन्हा सुरू करणे. दुसरी, प्लग काढून मिनिटभर थांबणे आणि परत घालणे. तिसरी, ज्या परिस्थितीत ते वापरायचे आहे तीच परिस्थिती घरी उभी करणे. म्हणजे राउटर नसताना, फक्त लॅपटॉप आणि वायर घेऊन. पहिल्या परीक्षेने माझी चूक कळली असती. तिसरीने तर रविवारची फजितीच टळली असती. तीन दिवस चालू राहिलेले यंत्र यांपैकी एकही परीक्षा देत नाही.

१९ जानेवारी २०२५ रोजी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वेळी, आपण पुन्हा प्रयत्न केला. या वेळी कार्यक्रमपत्रिकेवर काहीही छापू नये, अशी मीच विनंती केली होती. हिरवळीवर कडाक्याची थंडी, डिशवर दहिवर. मी मुद्दाम सर्वांसमक्ष प्लग काढला, साठ आकडे मोजले आणि परत घातला. पत्ता जागेवर होता. दोन वाजता, म्हणजे पुण्यात साडेसातला, आधी खरखर आली, मग मामांचा आवाज आला, थोडा नाकातून आल्यासारखा पण स्वच्छ. नागपुरात गारठा किती, पुण्यात गुळाचा भाव काय, गुडघा कसा आहे, अशा त्या गप्पा होत्या. मुलांनी वह्यांत 'गारठा' हा शब्द लिहून घेतला. मामांच्या बहिणीने, म्हणजे माझ्या आईने, ध्वनिक्षेपकाजवळ खुर्ची ओढून घेतली आणि शेवटपर्यंत ती कोणाशी बोलली नाही.

कार्यक्रमानंतर डबीच्या पाठीवर मी एक चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर शाईने पत्ता लिहिला. सगळ्या स्मृतींमध्ये मला तीच सर्वांत भरवशाची वाटते. मंडळाच्या सभासदांपैकी कोणाला असे यंत्र जोडायचे असेल तर जरूर घेऊन या, आपण मिळून पाहू. फक्त येताना माहिती वाहून नेणारी वायर आणा, चार्जिंगची नको. ती माझ्याकडे आहे.